अंगणवाडीच्या भामाबाई आणि कलेजीचा डबा

खातूनबीनं भामाबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पेरूच्या झाडाशी बोलत होत्या.

झाड खातूनबीच्याच अंगणातलं होतं. अकोल्याहून बिऱ्हाड हलवून या गावात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. कोण कुठलं हे अजून कळत नव्हतं. ती भांडी घासायला मागच्या दारी बसलेली, आणि ही परकी बाई तिच्या झाडाखाली ऐसपैस मांडी घालून बसलेली. हातात चमचा. कुंपणाशी उपकेंद्राच्या नर्सबाई व्हिटॅमिन ए च्या औषधाची बाटली धरून उभ्या होत्या. पोरं पकडायचं काम त्यांनी केव्हाच या बाईवर सोपवलं होतं. झाडावर कोण आहे ते खातूनबीला दिसत नव्हतं, पण ठाऊक होतं. तिची चार वर्षांची उज्मा औषधाचा वास आला की उंचावर जायची.

"खाली ये वं माय," बाई झाडाला म्हणत होत्या, "नाई तर हा डोस पेरूलेच पाजून टाकतो. मंग त्याले दिसन अन् तुले नाई दिसनार."

झाडाची एक फांदी हलली. मग पानांतून आवाज आला, "पेरूले डोये असतात?"

"डोस घेतला का येतात."

एक पाय खाली आला, मग दुसरा. पेरूला डोळे फुटण्याआधी उज्मानं आपला हक्काचा डोस पिऊन टाकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि चमचा चाटून पाहिला. बाईंनी उठून लुगड्याची धूळ झटकली, खातूनबीकडं पाहिलं आणि जुनी ओळख असल्यासारख्या म्हणाल्या, "तुमची का ही? वकील होईन बरं. आधी पुरावा मागते."

त्या अंगणवाडीच्या सत्यभामा वाहुरवाघ. गावात त्यांना कोणी सत्यभामा म्हणत नसे. लहानमोठ्या सगळ्यांच्या त्या भामाबाई. गाव भातकुलीकडचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि चहा फाटत असे. बाई ठेंगण्या, रुंद हाडाच्या, चालताना जरा डावीकडं झुकणाऱ्या, कारण डाव्या काखेत नेहमी कोणाचं तरी पोर असे. बोलणं मोठ्यानं. गुपित सांगायचं झालं तरी दोन घरं सोडून ऐकू जाई, म्हणून बायका त्यांना गुपितं सांगत नसत, त्यांच्याकडून ऐकत.

नवरा देवमन एसटीत ड्रायव्हर. तो बाईंच्या अगदी उलट, कमी बोलणारा. आणि जे बोलायचा ते बसच्या हिशेबानं. पाहुण्यांना "बसा" न म्हणता "जागा हाय, या" म्हणायचा. मुलगी संध्या वरुडला दिलेली, संत्र्याच्या बागायतदाराकडं.

खातूनबीचं घर बाईंच्या भिंतीला भिंत लागून. तिचा नवरा इनायतुल्ला गाद्या-रजया भरणारा. कापूस पिंजायचं मशीन त्यानं ओसरीत बसवलं होतं. कपाशीची ती वाईट वर्षं होती. नवी गादी कोणी भरून घेत नव्हतं. जुन्या रजया उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून घ्यायचे. इनायतुल्ला म्हणे, "लोकायच्या रजईत आता कापसापेक्षा आठवणी जास्त हाये." मशीन सुरू झालं की दोन्ही घरांत कापूस उडायचा आणि भामाबाईंच्या केसांत तो असा बसायचा की त्या वयाआधीच पिकल्या, असा पाहुण्यांचा समज व्हायचा.

अंगणवाडीत शिकवायच्या त्या गोष्टी भामाबाई घरोघर जाऊनही शिकवत. पिवळं खा, हिरवं खा. जे मटण खात नसतील त्यांना शेवग्याचा पाला सांगायच्या, जे खात असतील त्यांना कलेजी. "आठ दिवसांतून एक डाव कलेजी. अन् आधी लेकराले, मंग म्हाताऱ्याले." खातूनबीच्या घरात तोवर कलेजी पुरुषांच्या ताटात जायची. बाईंनी सासूसमोर ते सांगितलं, आणि सासूनं पुढचे आठ दिवस बाईंशी अबोला धरला. नवव्या दिवशी स्वतःच्या हातानं उज्माला कलेजी भरवली. खातूनबीनं त्या दिवसापासून मनोमन ठरवून टाकलं की या बाईचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात खरं तर तिथंच झाली.

दोन हजार सहा साली गावात पांढऱ्या गाड्या फार यायच्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची पाहणी करणारे साहेब उतरायचे, फॉर्म काढायचे आणि अंगणवाडीत बसून बाईंना विचारायचे, कोणत्या घरी काय चाललंय. एका साहेबानं खातूनबीला विचारलं, "घरात कोणी तणावात आहे का?" ती म्हणाली, "हाव जी, मी. माही सासू आत बसून आयकून राह्यली." साहेबानं मान खाली घालून ते लिहून घेतलं. त्या दिवशी भामाबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हिरडीतून रक्त आलं.

हसण्यानं रक्त येत नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीच्या आधी बाई इनायतुल्लाच्या ओसरीत रजईचं टोक धरायला बसल्या होत्या. पदर सरकला, आणि खातूनबीला त्यांच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. एक नव्हे, बरेच.

"हे काय बाई? देवमनभाऊनं हात उचलला का काय?"

"थ्यो? थ्यो बिनतिकिट्यालेही 'अहो, उतरता का' म्हनते. थ्यो काय हात उचलते."

"मंग?"

"पोट्टे अंगावर चढतात. लागलं असन."

"पोट्टे का आज चढून राह्यले? वीस वर्सं झाले चढून राह्यले."

खातूनबी ऐकेना. अमरावतीला रक्त तपासलं. तपासणाऱ्यानं बाहेर येऊन विचारलं, "पेशंट चालत आलेत का?" आणि आजच्या आज अकोल्याला जा म्हणाला. देवमननं आयुष्यात पहिल्यांदा ड्युटी मध्येच सोडली.

अकोल्याचे डॉक्टर रक्ताच्याच आजाराचे. तरुण, बारीक चष्म्याचे, आणि एकदा सांगून कळलं नाही तर दुसऱ्यांदा आणखी सोपं करून सांगणारे. ते म्हणाले, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे. देवमन भिंतीला टेकला. खातूनबीनं ओढणी तोंडाला लावली. भामाबाईंनी विचारलं, "कोन्ता? तुमी 'एक प्रकार हाय' म्हनले म्हनून इचारतो."

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आपल्या हाडांच्या पोकळीत रक्त तयार होतं. पेशी तिथं जन्मतात, वाढतात, मोठ्या झाल्या की बाहेर पडून कामाला लागतात. तुमच्यातल्या काही पेशी मोठ्याच होत नाहीत. कच्च्याच राहतात आणि गर्दी करतात. चांगल्यांना जागा उरत नाही, म्हणून रक्त थांबत नाही."

"म्हनजे बालवाडीतून पयलीतच जात नाई."

"तसंच. बाकीच्या बहुतेक प्रकारांत आम्ही त्या पेशींना मारायला निघतो. या एका प्रकारात मात्र एक गोळी आहे, जी त्यांना मोठं करते. मोठ्या झाल्या की त्या शहाण्यासारख्या वागतात आणि आपल्या वेळेला मरतात. सोबत सलाइनमधून दुसरंही औषध देऊ. पहिले काही आठवडे फार जपायचे आहेत, ते मी लपवत नाही. पण ते निघाले, तर बऱ्या होणारे यात पुष्कळ असतात."

"कायची गोळी हाय?"

"व्हिटॅमिन ए आहे ना, त्याच घरातली. त्याचंच एक वेगळं रूप."

भामाबाई सरळ होऊन बसल्या. त्यांनी देवमनकडं पाहिलं, खातूनबीकडं पाहिलं. चेहरा असा की पाहुणा म्हणून ज्याची धास्ती घेतली तो दारात आल्यावर आपल्याच माहेरचा निघावा. "अवं, हा त आपलाच डोस!"

ते पहिले आठवडे त्यांनी अकोल्याच्या दवाखान्यात काढले. दोनदा नाकातून रक्त थांबेना, एकदा श्वास लागला, एकदा डॉक्टर रात्री घरी गेलेच नाहीत. खातूनबीचं माहेर अकोल्यातच, ताजनापेठेच्या बाजूला. तिथून तिच्या अम्मीकडून उकळलेलं पाणी आणि मऊ खिचडी यायची. ओठ फुटले, अंगाची साल निघाली. पण एके सकाळी डॉक्टर आत आले तेच हसत. हाडातलं रक्त काढून पाहिलं होतं. "पोरं पहिलीत गेली," ते म्हणाले.  

पुढचे उपचार झाले, केस गेले आणि परत आले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता दोन वर्षं दर तिसऱ्या महिन्याला पंधरा दिवस या गोळ्या घ्यायच्या, घरीच. आणि बजावलं, "मला विचारल्याशिवाय दुसरं कोणतंही औषध नको." भामाबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की सर्दी झाली तरी बाम लावायच्या नाहीत. इनायतुल्लानं एकदा खोकल्याची गोळी दिली तर त्याला म्हणाल्या, "भाऊ, मले मारता का?"

पण बाई गावात आल्या आणि मोठ्या आवाजात सगळं सांगून बसल्या. तेच त्यांच्या मुळावर आलं. आपल्या लेकरांना देतो त्याच डोसाचा मोठा भाऊ म्हणजे ही गोळी, असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. गावानं ऐकलं आणि आपला हिशेब केला. वीस वर्षं या बाईनं दारोदार येऊन सांगितलं की कशाकशात व्हिटॅमिन ए असतं. गावातल्या निम्म्या बायकांना ते तोंडपाठ होतं. एका गोळीत एवढा गुण, तर बाईंच्या पोटात तेच जितकं जाईल तितकं चांगलं. हे सांगायला कोणी लागलं नाही. परसातली पिकली पपई आली, गाजराचा हलवा आला, शेवग्याच्या पाल्याचे मुटके आले. ज्यांची पोरं बाईंच्या काखेत वाढली त्या बायका ताटावर रुमाल झाकून यायच्या आणि बाई खातात का ते उभं राहून पाहायच्या. गाजर खाऊन खाऊन बाईंचे तळहात हळदीसारखे पिवळे झाले.

खातूनबीचं म्हणजे तर विचारूच नका. शुक्रवारच्या बाजारातून कलेजी आणायची, मिरी-आल्यात परतायची आणि भिंतीवरून हात लांब करायचा. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग जवळजवळ रोज. बाजारात नसेल त्या दिवशी भातकुलीहून मागवायची. इनायतुल्लाही मागं राहिला नाही. अकोल्याला सुईदोरे आणायला गेला की माशाच्या कलेजीच्या तेलाच्या सोनेरी गोळ्यांची बाटली आणायचा. त्या भामाबाई दातांत फोडून खायच्या. त्यांना त्यांचा वास आवडे, हे गावातलं एक आश्चर्य होतं.

बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. औषधाला माप असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. खाण्याला कसलं माप? आणि हे सगळं खाणंच होतं. ज्याची शिकवण आपणच दिली, ते ताट समोर आल्यावर नको कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तिसऱ्यांदा गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डोकं दुखायला लागलं. सकाळी उठलं की जास्त. वाकलं की कानात ठोके. मग उलट्या. बाईंनी कोणाला सांगितलं नाही. एक दिवस उज्मा शाळेतून येऊन समोर उभी राहिली तर त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"काय पायता बाई?"

"दोन उज्मा दिसून राह्यल्या."

"खरंच?"

"हाव. एकच जड जात होती."

उज्मा हसत पळाली. खातूनबी मात्र भिंतीपलीकडं उभी होती, तिला हसू आलं नाही. ती आत आली आणि तिनं दार लोटलं. "बाई, माह्याकडं पाहून सांगा. कदीपासून?"

भामाबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "आठ-पंधरा दिवस झाले. मले वाटते थे डोक्यात गेलं, खातूनबी. देवमनले सांगजो नको. थ्यो गाडी चालवते, त्याचा हात हालन."

"अन् डोये?"

"थेच त. मराची एवढी भीती नाई वाटत. आंधयी झाली त पोरायले कोनी पाहायचं?"

खातूनबीनं त्यांना धीर दिला, घरी आली, चुलीपुढं बसून रडली. मग तिला जे सुचलं तेच तिनं केलं. त्या दिवशी दुप्पट कलेजी केली.

दुसऱ्या दिवशी दोघी बडनेऱ्याहून गाडीत बसल्या. देवमनला खातूनबीनं सांगितलंच. तो ड्युटी संपवून मागून येणार होता. अकोल्यात डोक्याचा फोटो काढला. डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब टाकून आत पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली. मग पुन्हा ते बारीक चष्म्याचे डॉक्टर. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. खातूनबी फोटोकडं बघत नव्हती, डॉक्टरांच्या भुवयांकडं बघत होती.

"गाठ नाही," ते म्हणाले. "कॅन्सर डोक्यात नाही."

खातूनबी म्हणाली, "या अल्ला," आणि मटकन बसली. भामाबाई बसलेल्याच होत्या.

"पण डोक्यात जे पाणी असतं त्याचा दाब वाढलाय. तो डोळ्याच्या नसेवर येतोय. नस सुजली आहे. असंच राहिलं तर नजर जाईल. आमच्या गोळीनं क्वचित असं होतं, पण तुम्हाला आधी दोनदा काही झालं नाही." त्यांनी पेन हातात घेतलं. "दुसरं काही औषध घेता?"

"नाई जी."

"आयुर्वेदिक? जडीबुटी? कोणी काही दिलं?"

"बामसुद्दा नाई लावत, डॉक्टरसाहेब. इचारा हिले."

"अल्ला कसम," खातूनबी म्हणाली.

डॉक्टर विचारात पडले. गाठ नाही म्हटल्यावर खातूनबीच्या जिवात जीव आला होता, आणि अशा वेळी माणसाला काही तरी द्यावंसं वाटतं. डॉक्टर दुपारचे जेवलेले दिसत नव्हते. तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून टेबलावर ठेवलं. मिरीचा आणि आल्याचा वास खोलीभर झाला.

"घ्या ना साहेब. ताजी हाय. सकाळीच केली."

"हे काय?"

"कलेजी. बाईंसाठीच असते. पन आज जास्त हाय."

डॉक्टरांचं पेन टेबलावर आलं. "बाईंसाठीच असते म्हणजे? रोज?"

"रोज कुठं," खातूनबी जरा ओशाळून म्हणाली, कमी पडल्याची कबुली द्यावी तशी. "बाजारात मियाली नाई त एखांदा दिवस खाडा होते."

"किती दिवसांपासून?"

"दवाखान्यातून आल्या तवापासून. आमी बाईंले काही कमी नाई पडू देल्लं."

"आणखी काय खाता?" डॉक्टरांनी भामाबाईंना विचारलं. आवाज अगदी मऊ झाला होता.

भामाबाईंनी सांगितलं. पपई, गाजर, मुटके. मग त्यांना आठवलं. त्यांनी स्वतःची पिशवी चाचपली आणि माशाच्या तेलाची बाटली काढून डब्याशेजारी ठेवली. "अन् ह्या. दिवसातून चार-पाच. ह्या का औषध होय? हा त खाऊ होय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की ते हसू दाबत आहेत. "बाई, मी तुम्हाला जी गोळी देतो ती व्हिटॅमिन ए चं भावंड. कलेजीत तेच ठासून भरलेलं. या तेलातही तेच. थोडं असलं तर डोळ्यांना लागतं, मेंदूलाही लागतं, पोटातल्या बाळापासून लागतं. पण शरीर ते बाहेर टाकत नाही, साठवून ठेवतं. त्यावर माझी गोळी गेली की ओतू जातं. त्यानंच डोक्यातला दाब वाढतो. तुम्हाला आजारानं नाही, पाहुणचारानं धरलंय."

"अन् गाजर?"

"गाजरानं फक्त हात पिवळे होतात. गाजर खा हवं तर."

खातूनबीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "म्हनजे म्या," ती म्हणाली, "म्या बाईले आंधयी करून राह्यली होती?"

"तुम्ही लाड करत होता. आता थांबवा, एवढंच. गोळीही काही दिवस बंद. दाब उतरायचं औषध देतो. वेळेवर आलात, म्हणून म्हणतो, नजर वाचेल असं मला वाटतं. पण वचन देत नाही."

खातूनबी ओढणीत तोंड घालून रडत होती. भामाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चूप वं. कॅन्सर डोक्यात नाई म्हनते. कलेजी हाय म्हनते. कलेजीले का रडाचं?" मग डॉक्टरांकडं वळल्या. "तुमी खा पन. तुमाले त चालते ना?"

डॉक्टरांनी दोन तुकडे खाल्ले. छान झालीय म्हणाले.

खरं कठीण काम गावात होतं. गावाला खाऊ घालायचं थांबवणं म्हणजे वाहत्या पाटाला हात लावण्यासारखं. भामाबाईंनी स्वतः नाही म्हटलं तर बायकांना वाटे, भीड पडली. तेव्हा खातूनबी त्यांच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. शिवायची रजई मांडीवर, आणि कोणी रुमाल झाकलेलं ताट घेऊन आलं की, "उघडा. काय हाय?"

"माणिकबाईनं कलेजी पाठवली."

"वापस."

"अवं, थोडीशी."

"थोडी आमीही म्हनत होतो. वापस. काय, गाजर? गाजर जाऊ द्या."

लोक रुसले. कोणी म्हणालं, या मुसलमानिणीनं स्वतः इतके दिवस खाऊ घातलं, आता दुसऱ्याला मनाई. खातूनबी म्हणाली, "हाव, म्या घातलं म्हनूनच सांगतो. माह्यापेक्षा जास्त कोनी घातलं असन त या अथी बसाले." कोणी बसलं नाही. तिची सासूच एकदा वाटी पदराखाली घेऊन मागच्या दारानं आली होती. तिलाही परत जावं लागलं. यावेळी अबोला महिनाभर टिकला.

डोकेदुखी हळूहळू उतरली. दोन उज्मा जवळ येत येत एक झाल्या. तोवर वर्ष बदललं होतं. मग डॉक्टरांचा निरोप आला, गोळ्या पुन्हा सुरू करा, थोड्या कमी. आणि तिथं भामाबाई अडल्या. पिवळी-तपकिरी गोळी तळहातावर घेऊन बसल्या आणि घेईनात. पहिल्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "डोये जातीन," एवढंच म्हणायच्या. खातूनबीनं समजावलं, संध्यानं वरुडहून फोन केला. डॉक्टर फोनवर म्हणाले, न घेतली तर आजार परत यायची भीती आहे, घेतली तर मी लक्ष ठेवून आहे. बाई ऐकायच्या, मान हलवायच्या आणि गोळी परत डबीत ठेवायच्या.

तिसऱ्या संध्याकाळी देवमन ड्युटीवरून आला. हातपाय धुतले, बाईंच्या समोर बसला.

"कायचं भेव लागलं?"

"गाडी एक डाव गरम झाली. आखीन होईन."

देवमननं बराच विचार केला. "गाडी गरम झाली म्हनून कोनी डेपोत नाई लावून ठेवत," तो म्हणाला. "थांबवतो. पानी टाकतो. चालू करतो. अन् काट्यावर नजर ठेवतो. मी ठेवीन."

"तुले काय समजते काट्यातलं?"

"रोज सकायी इचारीन, डोकं दुखते का. दुखलं का थांबवू."

नवऱ्याचं एवढं लांब बोलणं बाईंनी लग्नात ऐकलं होतं की नाही शंकाच. त्यांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या. देवमन रोज पहाटे, गाडीवर जायच्या आधी, दारातून विचारायचा, "दुखते?" आतून आवाज यायचा, "नाई." मग त्याची चप्पल वाजायची. त्या फेरीत डोकं दुखलं नाही. पुढच्याही नाही.

शेवटच्या गोळ्या संपल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी अकोल्याला बोलावलं. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता. भामाबाई वरून खाली वाचत गेल्या. शेवटची ओळ संपली तरी थांबेनात. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"पुरे बाई," डॉक्टर म्हणाले. "ते आम्हालाही वाचता येत नाही."

उजव्या डोळ्याच्या कडेला थोडं धूसर राहिलं ते राहिलंच. बाई म्हणतात, त्या बाजूनं तसंही बघण्यासारखं काही नसतं, तिकडं खातूनबीचं घर आहे. खातूनबी ते ऐकून तोंड फिरवते, मग दोघी हसतात.

रक्तातला आजार त्यानंतर परत आला नाही. दरवर्षीची अकोल्याची तपासणी डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी बंद केली. तरी त्या कधी जातात, तर भेटायला.

भामाबाई आता अंगणवाडीतून निवृत्त आहेत. त्यांनी घरात शेवयांचं मशीन घेतलंय. उन्हाळा लागला की गव्हाच्या पिठाचे डबे घेऊन बायका त्यांच्या ओसरीत बसतात, आणि अंगणात बाजेवर शेवया वाळत असतात. पहिलं ताट रुमाल झाकून भिंतीवरून पलीकडं जातं, आणि खातूनबी अजूनही आधी विचारते, "उघडा. काय हाय?"